चमचा, टोपण की काटा? पावडर मोजायच्या साध्या साधनांवर भरवसा किती ठेवायचा

मांजराकाठ
मंडळी, प्रश्न शेतीचाच आहे, पण आडवळणाने येतोय, तेवढं सांभाळून घ्या.

माझा मावसभाऊ टेक्सासात असतो. यंदा त्याच्याकडे जाऊन आलो. त्याला नेमबाजीचा नाद. तिकडचे हौशी लोक झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या वेचून आणतात आणि घरीच पुन्हा भरतात. रीलोडिंग म्हणतात त्याला. तिथं ते कायद्यात बसतं, सामान दुकानात मिळतं. जुनं प्राइमर (बुडाशी ठिणगी देणारी टोपी) पाडायचं, पुंगळी साच्यात दाबून मापाला आणायची, नवं प्राइमर बसवायचं, पावडर म्हणजे बंदुकीची दारू ओतायची, वर गोळी दाबायची. गॅरेजमध्ये टेबलाला हाताचा प्रेस ठोकलेला, झालं.

मला गंमत वाटली ती पावडर मोजण्याची. भावाकडे प्लास्टिकच्या इवल्या चमच्यांचा संच होता, लांब दांड्याचे, प्रत्येकावर घनसेंटिमीटरचा आकडा. आणि शेजारी एक दांडीचा काटा. म्हटलं, चमचा आहे तर काटा कशाला, आणि काटा आहे तर चमचा कशाला? तो म्हणाला, चमच्याने भरतो आणि काट्याने चमच्यावर नजर ठेवतो.

गावी आलो तर सोयाबीनवर फवारणी चाललेली. आमचा गडी एमामेक्टिनचं, म्हणजे अळीच्या औषधाचं, पाकीट फोडून तणनाशकाच्या बाटलीचं जुनं टोपण भरून टाकीत टाकतो. त्याच टोपणानं बुरशीनाशक, त्याच टोपणानं विद्राव्य खत. त्याला विचारलं किती ग्रॅम बसतं, तर म्हणे ‘दुकानदारानं टाकीला एक टोपण सांगितलंय’.

तर प्रश्न असा. पावडर चमच्यानं, टोपणानं मोजणं मुळातच चूक आहे का? की मोजायची काही रीत आहे, जी आपण पाळत नाही?

काळीरान_परभणी
टोपणाचा धंदा सगळीकडं तोच हाय दादा. द्रव औषधाला टोपण चालतं, कारण त्यावर मिलीच्या रेघा असतात आणि मिली म्हणजे मिली. पावडरीला मिली मोजून काय उपयोग? पायलीनं ज्वारी मोजा आन् त्याच पायलीनं करडई मोजा. माप तेच, पोतं उचललं की कळतं कुठली हलकी. आपल्या आज्याला हे कळत होतं, आपल्याला पाकिटाच्या बाबतीत कळंना.

दुसरं, पंप. शिफारस छापलेली असते १० लिटरला. पंप कुणाचा १५ चा, कुणाचा १६ चा, बॅटरीवाला २० चा. टोपण मात्र सगळ्यांचं एकच.

ह्यूस्टनचा_लातूरकर
मी स्वतः रीलोडिंग करतो, म्हणून लिहितो. भरायचे आकडे इथे देणार नाही, ते पुस्तकात, त्या त्या पावडरीच्या आणि गोळीच्या नावासकट छापलेले असतात आणि तिथूनच घ्यायचे असतात. पण मोजण्याचं तत्त्व सांगतो, ते कुठेही लागू पडेल.

पुस्तकातला आकडा कायम वजनात असतो. एकक ग्रेन. १ ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, ७००० ग्रेनचा १ पौंड. आमचे काटे ०.१ ग्रेनपर्यंत दाखवतात, म्हणजे साधारण साडेसहा मिलिग्रॅम. इतकं बारीक का, तर बंदुकीच्या नळीतला दाब पावडरीच्या सरळ प्रमाणात चढत नाही. वरच्या टोकाला थोडी पावडर वाढली की दाब कितीतरी जास्त वाढतो. आणि कमी पडली तरी सुटका नाही. गोळी नळीतच अडकून राहते, ते कळलं नाही आणि पुढची झाडली तर नळी फुटते.

आता चमचा. धूर न करणारी पावडर तीन आकारांत येते. गोल दाणे, चपट्या चकत्या आणि बारीक काड्या. गोल दाणे मापात सारखे बसतात. काड्या एकमेकींत अडकून कमान धरतात, मग एका पुंगळीत कमी आणि पुढच्या पुंगळीत जास्त. म्हणजे तोच चमचा, तेच हात, पण पावडर बदलली की चमच्याचा भरवसा बदलला. संचाबरोबर तक्ता येतो, अमुक चमच्यात अमुक पावडर इतके ग्रेन. तो सुरुवातीपुरता. शेवटचा शब्द काट्याचा.

हाताची सवयही मोजात येते. आमची रीत अशी: चमचा पावडरीत उभा दाबायचा, पावडर कडेवरून आपोआप आत येऊ द्यायची, वरची रास जाड कार्डाच्या कडेनं सपाट करायची. ठोकायचं नाही, हलवायचं नाही, अंगठ्यानं दाबायचं तर मुळीच नाही. ठोकलं की दाणे बसतात आणि त्याच चमच्यात जास्त माल मावतो. दरवेळी अगदी त्याच पद्धतीनं भरलं तर चमचा बऱ्यापैकी इमानदार असतो.

आणि एक, पिस्तुलाच्या काही पुंगळ्यांत पावडर इतकी थोडी लागते की चुकून दोनदा पडली तरी बाहेर सांडत नाही. म्हणून पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या लावून, गोळी बसवण्याआधी बॅटरी मारून प्रत्येकीत डोकावायचं. जुने लोक झाडलेली पुंगळी कापून, तिला तारेचा दांडा डाख देऊन स्वतःचे चमचे करायचे. तेही काट्यावर पारखूनच.

बालाघाटी_वारा
विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या आजोबांच्या नावावर बारा बोअरची बंदूक आहे, पीकसंरक्षणाचा परवाना. रानडुकरांनी भुईमूग ठेवला नाही. काडतूस महाग पडतं. रिकाम्या पुंगळ्या भरपूर साठल्यात. ह्यूस्टनवाले दादा, ते चमचे इकडे पाठवता येतील का?

कोर्टकचेरी
थांबा. बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ वाचा, शस्त्रं आणि दारूगोळा तयार करायला स्वतंत्र परवाना लागतो. तो नसताना केलं तर कलम २५. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान ७ वर्षं, आणि वर जन्मठेपेपर्यंत. ‘घरच्या घरी, रानडुकरासाठी’ ही सबब कुठेच चालत नाही. आणि परवाना आजोबांच्या नावावर आहे, तुमच्या नाही, हेही ध्यानात असू द्या.

काडतूस परवानाधारक दुकानातूनच, परवान्यावर नोंद करून घ्यायचं. डुकराचं नुकसान असेल तर वनखात्याकडे पंचनामा आणि भरपाईचा अर्ज करा, त्याला कालमर्यादा असते, उशीर करू नका.

ह्यूस्टनचा_लातूरकर
कोर्टकचेरी साहेबांशी शंभर टक्के सहमत. चमचे पाठवणार नाही. फटाक्यातली किंवा विहिरीच्या सुरुंगाची दारू काडतुसात भरायचा विचारही कुणी करू नये. ती वेगळी, तिचं जळणं वेगळं. बंदूक फुटते ती झाडणाऱ्याच्या तोंडासमोर.

बालाघाटी_वारा
समजलं. विषय सोडला.

संपादक_मंडळ
काडतूस भरण्याचे आकडे किंवा कृती विचारणारे प्रतिसाद काढले जातील. मोजमापाची चर्चा चालू द्या.

परांड्याचा_बुरूज
संपादकांच्या परवानगीनं एक फाटा. आमच्या परांड्याच्या किल्ल्यावर एके काळी मलिक-ए-मैदान तोफ होती. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, पुढे परांड्याला आली आणि १६३२ मध्ये विजापूरकरांनी नेली, ती अजून तिथेच बुरुजावर आहे. असल्या तोफांत पावडर मापानंच पडायची. युरोपातले गोलंदाज लांब दांड्याच्या तांब्याच्या पळ्यानं भरायचे, पळ्याचं माप तोफेच्या तोंडावरून ठरलेलं. म्हणजे चमच्याची परंपरा जुनीच आहे. तोफा फुटून गोलंदाज मेल्याचे दाखलेही तितकेच जुने.

गुंजभर
आमच्याकडं सोनारकाम. तो ग्रेन वाचून मजा वाटली. इंग्रजी अमदानीतला तोळा बरोबर १८० ग्रेनचा ठरवलेला, म्हणजे ११.६६ ग्रॅम. आपला हिशेब ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. म्हणजे तोळ्यात ९६ गुंजा, आणि एक गुंज जवळजवळ १२१ मिलिग्रॅम, पावणेदोन ग्रेनला थोडी वर. टेक्सासातला काटा गुंजेचा जवळजवळ एकोणिसावा हिस्सा दाखवतो म्हणा ना.

पण गुंजा सगळ्या सारख्या नसतात. जुने सोनार शंभर गुंजांतून निवडून, एकमेकींशी तोलून जुळत्या तेवढ्या ठेवत. कुणी हौसेनं गुंजेनं औषध तोलायला निघालं तर एक सांगतो, गुंजेचं बी फुटलं तर विषारी असतं, लेकरांपासून लांब ठेवा.

तुमच्या कामाला हल्ली खिशात मावणारा डिजिटल काटा मिळतो, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. तो पुरेसा आहे. व्यापारासाठी मात्र तो चालत नाही, त्याला वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. घरचं औषध मोजायला शिक्क्याची गरज नाही.

काळीरान_परभणी
डिजिटल काटा घेतला होता शेजाऱ्यानं. दर वेळी आकडा वेगळा दाखवतो म्हणून फेकून दिला.

निवृत्त_लॅबवाला_अंबाजोगाई
फेकायच्या आधी पंखा बंद केला होता का, एवढंच विचारा त्यांना.

माझी नोकरी शाळेच्या प्रयोगशाळेत गेली. काचेच्या पेटीतला काटा, पितळी डबीतली वजनं, मिलिग्रॅमची पत्र्याची वजनं चिमट्यानं उचलायची. म्हणून जरा लांबण लावतो.

डिजिटल काटा खोटा नसतो, त्याला वागवावं लागतं. सपाट, न हलणाऱ्या जागी ठेवा, पत्र्याच्या खुर्चीवर नाही. चालू करून दोन मिनिटं थांबा. वारं, पंखा, फोन जवळ नको. कागद किंवा वाटी ठेवून शून्य करा. आणि हे फार कमी जणांना माहीत असतं: स्वस्त काटे शून्य आपोआप सांभाळत बसतात. तुम्ही चिमूट चिमूट हळूहळू टाकत गेलात तर काट्याला वाटतं आपलंच शून्य सरकलं, आणि ती चिमूट तो मोजतच नाही. म्हणून शेवटी वाटी उचलायची, काटा रिकामा असताना पहिल्यासारखाच आकडा दाखवतो का बघायचं, पुन्हा ठेवायची. दोन्ही वेळा वजन जुळलं तरच खरं.

स्वयंपाकघरातला १ ग्रॅम दाखवणारा काटा ५० ग्रॅमसाठी ठीक. ४ ग्रॅमसाठी नाही, तिथं एका आकड्याची चूक म्हणजे पाव हिस्सा गेला.

काटा खरा की खोटा हे बघायला वजनं नसतील तर खिशातली नाणी घ्या. टांकसाळीत नाण्याचं वजन ठरलेलं असतं. २०१९ च्या मालिकेतला १ रुपया ३.०९ ग्रॅम, २ रुपये ४.०७, ५ रुपये ६.७४, १० रुपये ७.७४, २० रुपये ८.५४. २०११ च्या मालिकेतलं ५ चं नाणं बरोबर ६ ग्रॅमचं. नाणी स्वच्छ, न झिजलेली घ्या, एकापेक्षा जास्त ठेवून बघा. दुसरा उपाय डॉक्टरी सिरिंजचा. काट्यावर वाटी ठेवून शून्य करा, सिरिंजनं १० मिली पाणी सोडा. १० ग्रॅमच्या आसपास दिसलं पाहिजे.

आता काटाच नसेल तर. साधा दोन पारड्यांचा तराजू घ्या, घरी पट्टीला मध्ये दोरा बांधून दोन टोकांना झाकणं लटकवली तरी चालतं. वजनं नकोतच. १०० ग्रॅमचं पाकीट दोन पारड्यांत ओतून सारखं करा, ५०-५० झालं. त्यातल्या एकाचे पुन्हा दोन, २५-२५. मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची १० लिटरची मात्रा २५ ग्रॅमच असते, झालं काम. तराजूची एक बाजू जड वाटत असेल तर पारड्यांची अदलाबदल करून बघा. तरीही शंका असेल तर एका पारड्यात नाणी ठेवा, दुसऱ्यात वाळू टाकून तोला, मग नाणी काढून त्यांच्याच जागी पावडर टाका. काटा जिथं आधी थांबला तिथं थांबला की पावडर नाण्यांइतकी. दांडी वाकडी असली तरी फरक पडत नाही, कारण दोन्ही गोष्टी एकाच पारड्यात तोलल्या.

२० लिटरच्या टाकीला ८ ग्रॅम एमामेक्टिन लागतं असं धरलं, तर एका १० रुपयाच्या नाण्याएवढी पावडर. पाव ग्रॅमचा फरक, तो चालेल. २५ ग्रॅमला २० ची दोन आणि १० चं एक नाणं ठेवा, २४.८२ भरतं.

मांजराकाठ
काका, हे नाण्याचं तर कधी कुणी सांगितलंच नव्हतं. मग टोपण पूर्ण बादच करायचं का? शेतात वाऱ्यात काटा मांडणं काही शक्य नाही.

निवृत्त_लॅबवाला_अंबाजोगाई
बाद कशाला. घरी एकदा काट्याशी त्याची गाठ घालून द्या. १० टोपणं सपाट भरून एकत्र वजन करा, १० नं भागा. एकच टोपण तोलून आकडा धरू नका, त्यात हाताची चूक जास्त येते. मग टोपणावर पक्क्या शाईनं लिहा, कुठलं औषध आणि किती ग्रॅम. ते टोपण त्या औषधापुरतंच. ह्यूस्टनवाले तेच तर सांगत होते.

टोपणापेक्षा बरं साधन हवं तर सिरिंजचं पुढचं नाक ब्लेडनं कापा. सरळ नळी राहते, मागून दट्ट्या. दट्ट्या मागेपुढे करून पाहिजे तेवढी जागा ठेवायची, पावडरीत दाबायची, तोंड पट्टीनं सपाट करायचं, दट्ट्यानं ढकलून द्यायची. कमीजास्त करता येणारा चमचा झाला. तुमची मात्रा तोलून ज्या रेघेवर बसली तिथं खूण करून ठेवा.

औषधीताई
मी औषधांच्या दुकानात बसते, फार्मसी शिकलेली. स्वयंपाकघरातला दाखला देते, म्हणजे घरातल्या बायकांनाही पटेल. ५ मिलीचा सपाट चमचा मीठ घेतलं तर ६ ग्रॅमच्या आसपास, साखर ४, आणि कणीक ३ पेक्षाही कमी. एकाच चमच्यात दुपटीचा फरक. औषधातही तसंच, भुकटी (डब्ल्यूपी) फुगलेली, हलकी. दाणेदार (डब्ल्यूजी, एसजी) जड आणि मोकळी. तणनाशकाच्या टोपणानं दोन्ही मोजणं म्हणजे साखरेच्या अंदाजानं मीठ घालणं.

दुसरी युक्ती, जी आम्ही दुकानात कायम वापरतो. थोडी पावडर मोजणं अवघड, थोडं पाणी मोजणं सोपं. पूर्ण विरघळणारं औषध असेल, पाकिटावर एसजी किंवा एसपी लिहिलेलं असतं, तर १०० ग्रॅमचं पूर्ण पाकीट थोड्या पाण्यात विरघळवा आणि वर पाणी घालून बरोबर १ लिटर करा. आता १० मिलीत १ ग्रॅम. २० लिटरच्या टाकीला ८ ग्रॅम म्हणजे ८० मिली, मापट्यानं घ्या. बारा टाक्या होतात आणि उरलेल्या ४० मिलीत १० लिटर. काट्याची गरजच नाही, पाकीट कंपनीनं तोललेलं आहे.

पण अटी आहेत. त्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवसाला ठेवायचं नाही. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत मुळीच करायचं नाही. बादली, मापटं वेगळं आणि कुलपात. आणि डब्ल्यूपी भुकटी विरघळत नाही, नुसती तरंगते, खाली बसते. तिला ही रीत करायची तर प्रत्येक वेळी काठीनं चांगलं ढवळूनच घ्यावं लागतं, नाहीतर पहिल्या टाकीत पाणी आणि शेवटच्या टाकीत लगदा.

जालन्याची_बाग
ताई म्हणतात त्याला आमच्या द्राक्षाच्या पट्ट्यात पर्यायच नाही. जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संजीवक, १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग) द्यायचं म्हणजे १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम. १ ग्रॅम कुठल्या चमच्यानं मोजणार? आणि ते थेट पाण्यात विरघळतही नाही, आधी ॲसिटोन किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात. म्हणून १ ग्रॅमची पुडीच घ्यायची, अख्खी विरघळवायची, आणि वाटणी पाण्यात करायची. कडवंचीकडच्या बागवाल्यांना विचारा, जीए मध्ये हात जड झाला की घड काय होतो ते.

काळीरान_परभणी
सगळं बरोबर, पण एक खरं सांगू का. लोक टोपण जास्त भरतात ते मोजता येत नाही म्हणून नाही, भरवसा नाही म्हणून. मागच्या फवारणीनं अळी मेली नाही की यंदा दीड टोपण. शेजाऱ्यानं दोन घातले म्हणून आपले दोन. काटा आणून दिला तरी शेवटी वर एक चिमूट पडतेच, ‘असू दे’ म्हणत.

औषधीताई
भाऊ, त्या चिमटीचं बिल फवारणाऱ्याच्या अंगावर निघतं. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी, मजूर गेले. त्याला कारणं अनेक होती, पण वाटेल तशी मिसळलेली औषधं हे एक होतंच. पाकिटावरचा रंगीत त्रिकोण बघत जा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. मोजताना पावडर उडते, फवारण्याइतकाच तो क्षणही धोक्याचा. हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याकडे पाठ. आणि चहाचा चमचा घेतला असेल तर तो परत स्वयंपाकघरात नाही. धुऊनही नाही.

बीजप्रक्रिया_बचतगट
आमचा गट पेरणीच्या आधी गावातल्या सोयाबीनला बीजप्रक्रिया करून देतो. एकरी ३० किलोची बॅग, कार्बोक्सिन अधिक थायरम हे बुरशीनाशक ३ ग्रॅम किलोला, म्हणजे बॅगेला ९० ग्रॅम. इथं चमचा-टोपण काही नाही, पाकिटं आणि तराजूच. आमची अडचण उलटी, मोजलेलं सगळ्या बियाला सारखं लागत नाही. ९० ग्रॅम बरोबर तोललं आणि वरच्या वर शिंपडलं, तर अर्धं बी लाल आणि अर्धं कोरं. म्हणून ड्रम फिरवतो, थोडं पाणी शिंपडून, बी फुटू नये इतपतच.

रायझोबियम, म्हणजे जिवाणू खत, मात्र शेवटी. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते सुकल्यावर पेरणीच्या तोंडावर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट, आणि सावलीत सुकवायचं. एकाच वेळी सगळं कालवलं तर जिवाणू मरतात आणि मोजमाप फुकट जातं.

पॉवरस्प्रे_माजलगाव
पेट्रोलपंपाचं कुणी बोलंना. विद्यापीठाच्या सल्ल्यात खाली लिहिलेलं असतं की पॉवर स्प्रेला औषधाचं प्रमाण तिप्पट. आमच्याकडं काही जण बॅटरीच्या पंपालाही तिप्पट टाकायलेत.

निवृत्त_लॅबवाला_अंबाजोगाई
ते तिप्पट एकराला नाही, पाण्याला. पेट्रोलपंपाला एकरी पाणी कमी लागतं, म्हणून तितक्याच औषधाला कमी पाणी, एवढाच अर्थ. एकरी औषध तेवढंच. बॅटरीचा पंप साध्या पंपासारखाच पाणी ओततो, त्याला तिप्पट टाकलं तर एकरी औषधच तिप्पट झालं. आपल्या पंपानं एकराला किती टाक्या लागतात ते एकदा साधं पाणी मारून मोजा. एकरी ग्रॅमला टाक्यांनी भागा, टाकीची मात्रा निघते. मोजमापाची सुरुवात तिथून आहे, चमचा नंतर.

मांजराकाठ
काकांच्या सांगण्यावरून घरी करून बघितलं. काटा नाण्यांवर बरोबर निघाला. गड्याचं टोपण एमामेक्टिननं सपाट भरलं आणि त्याच टोपणात मॅन्कोझेब भरलं, वजनात निम्म्याच्या आसपास फरक. गड्याला दाखवलं तर तो टोपण उलटंसुलटं करून बघायला लागला. आता कापलेल्या सिरिंजेस केल्यात, प्रत्येक औषधाला वेगळ्या रंगाची टेप गुंडाळली. त्याला वाचता येत नाही, पण रंग कळतो.

एक शंका राहिली. दुकानात तेच औषध, तितकेच टक्के, दुसऱ्या कंपनीचं स्वस्त मिळतंय. तीच सिरिंज, तीच खूण चालेल ना?

ह्यूस्टनचा_लातूरकर
नाही. इकडे तर त्याच कंपनीच्या त्याच पावडरीचा नवा डबा फोडला तरी चमचा पुन्हा काट्यावर चढतो. नव्या पाकिटाच्या १० सिरिंजा तोलून बघा. जुळलं तर जुनी खूण ठेवा, नाही जुळलं तर नवीन करा आणि टेपचा रंग बदला.

मांजराकाठ
बरं. टेप अजून दोन रंगांची आणतो मग, सोमवारी बाजाराला जाणं आहेच.